उष्टा न झालेला तांब्या

नवघरच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या पुठ्ठ्यांमागे एक पोचे आलेला स्टीलचा तांब्या आडवा पडलेला आहे. मित्रांनो, तो मी. फिरकीचा तांब्या. झाकणाला आटे असतात, ते गोल फिरवून घट्ट बसवलं की प्रवासात थेंब सांडत नाही, त्या जातीतला. हल्ली सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या बाटल्या असतात, त्यामुळे तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही नसेल.

जुन्या वस्तू बोलायला लागल्या की मालकाने आधी किती लाड केले आणि मग कसं अडगळीत टाकलं, याचं रडगाणं गातात. मला अडगळीत टाकल्याचा राग नाही. अंधार आहे, धूळ आहे, एक पाल अधूनमधून विचारपूस करून जाते. बरं चाललं आहे. पण माझ्या पोटात एक गोष्ट अडकून राहिली आहे आणि ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म इथलाच, भाईंदर पूर्वेचा. तिथे स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. दिवसभर नुसता पत्र्याचा खणखणाट. गोल कापलेला पत्रा साच्यात दाबला गेला, माझं पोट झालं, गळा झाला, आणि मग मी पॉलिशच्या चाकासमोर बसणाऱ्या एका माणसाच्या हातात आलो. त्याचं तोंड काजळीने काळंकुट्ट झालेलं, दात तेवढे पांढरे. तो हसला आणि मला चाकावर धरून इतकं घासलं की मला त्याचं तोंड माझ्याच पोटात दिसायला लागलं. तो महिपत.

महिपत नवघरच्या जुन्या गावातला. घरी तो आणि त्याची आई जिजाबाई. ती भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची. त्यांच्या अंगणात एक विहीर होती. आता नीट ऐका, कारण सगळं या विहिरीशीच येऊन थांबतं. भोवती मिठागरं आणि खाडी, त्यामुळे गावातल्या बहुतेक विहिरींचं पाणी मचूळ. जिजाबाईची विहीर तेवढी गोडी. आणि गावाला लागून तेव्हा नव्या बिल्डिंगा उठत होत्या. गिरगाव-परळच्या खोल्या सोडून माणसं तिथे राहायला येत होती. बिल्डरने प्रत्येक घरात चकचकीत नळ लावून दिले होते, फक्त नळाला पाणी नव्हतं. मग सगळ्या बायका हंडे घेऊन जिजाबाईच्या अंगणात.

जिजाबाई कुणाला नाही म्हणाली नाही. कुणी संकोचून विचारलं तर म्हणायची, "पानी काय मी बनवलंय व्हय? देवाचं हाय. न्या."

अशाच एका बिल्डिंगीत उत्तम आणि गिरिजा हे जोडपं राहायला आलं. उत्तम एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. त्याची आणि महिपतची ओळख विहिरीवरच झाली आणि बघता बघता दोघांचं गूळपीठ जमलं. उत्तमच्या वास्तुशांतीला महिपतने मला आणलं. गाळ्याच्या शेठकडून विकत घेतलं होतं आणि बाजारात नेऊन माझ्यावर नाव घालून घेतलं होतं. आहेराच्या भांड्यावर नाव घालायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. 'वास्तुशांतीनिमित्त, महिपतकडून.' अक्षरं थोडी तिरकी आली, पण आली.

मी भरलेला होतो. गिरिजा म्हणाली, "भावजी, पाणी कशाला भरून आणलंत?"

"नव्या घरात रिकामं भांडं देऊ न्हाय, वहिनी."

तेच पाणी भटजींनी कलशात घेतलं. त्याच पाण्याने सगळं घर शिंपडून शुद्ध केलं. लक्षात ठेवा.

त्या घरात मी सुखात होतो. घरात पाणी वरून प्यायची पद्धत. भांडं उचलायचं, मान मागे टाकायची आणि धार घशात सोडायची. मला कुणीही तोंड लावत नसे. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एक भांडं, पिणारी तोंडं अनेक, प्रत्येकाने उष्टं करत बसायचं का? आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोरा होता. नवी भांडी येत, उष्टी होत, राखेने घासली जात. मी आपला कोरा.

पुढे महिपत मस्कतला गेला. एका बांधकाम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला. इकडे उत्तमचा कारखाना बंद पडला. गिरिजाने विहिरीवर डोळे पुसले, ते जिजाबाईने पाहिलं, आणि सुट्टीवर आलेल्या महिपतच्या ती हात धुऊन मागे लागली. महिपतने तिकडे साहेबाचे पाय धरले. "स्टोअरला माणूस पाहिजे ना साहेब? माझा भाऊ हाय." वर्षाच्या आत उत्तम विमानात बसला. त्याच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध मी होतो. निघताना गिरिजाने मला विहिरीच्या पाण्याने भरून दिलं होतं, आणि 'जातो' नको, 'येतो' म्हणा, म्हणून नवऱ्याला दटावलं होतं.

सुरुवातीला दोघे एकाच खोलीत राहिले. महिपत रांधायचा, उत्तम भांडी घासायचा. मग उत्तमला ऑफिसातल्या लोकांच्या क्वार्टरमध्ये खोली मिळाली. तिथली मंडळी वेगळी. हेड अकाउंटंट दशरथराव, ठाण्याचे. ड्राफ्ट्समन जितेंद्र, मीरा रोडचा. शिवाय आणखी दोघेतिघे. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की काय वाटतं, ते घर सोडून गेलेल्यालाच कळेल. शुक्रवारी सुट्टी असायची. सगळे जमायचे, पोह्यांचा वास सुटायचा, कुणीतरी पेटी काढायचं. उत्तम त्यांच्यात रमला. महिपतकडे जाणं महिन्यावर गेलं. त्यात काही भांडण नव्हतं. फक्त वर्कशॉपचा कॅम्प लांब होता, असं उत्तम म्हणायचा. तसा तो फार लांब नव्हता.

एका वर्षी दशरथरावांनी टूम काढली. पाडव्याला डोंगरावर जायचं आणि माथ्यावर गुढी उभारायची. पाडवा मधल्या वारी होता, पण परदेशात सणसुद्धा सुट्टी बघून येतात, म्हणून शुक्रवार ठरला. दशरथरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "उत्तमराव, हा तांब्या घ्या. चढताना पाणी होईल, वर गेल्यावर गुढीवर चढेल. कोरा आहे ना?"

"एकदम कोरा," उत्तम म्हणाला. मी फुगलो.

उत्तमला वाटलं महिपतलाही न्यावं. मन टोचत असेल. तो गेला आणि म्हणाला, "तू नाही आलास तर मीही जाणार नाही." महिपत आठवडाभर जादा काम करून थकला होता, तरी तयार झाला. दशरथरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "येऊ दे की. सामान उचलायला कुणीतरी लागणारच." हे वाक्य उत्तमने महिपतपर्यंत पोचवलं नाही.

तो डोंगर तुम्ही पाहायला हवा होता. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी दगड. सकाळी गार वारा होता. माथ्यावर एक पडका बुरूज दिसत होता. गाडीत पाण्याचा मोठा कॅन होता. जितेंद्र तो उतरवायला लागला तर दशरथरावांनी हात धरला. "अरे, एवढं ओझं कशाला? वर बुरूज दिसतोय ना? बुरूज आहे म्हणजे किल्ला, आणि किल्ला आहे म्हणजे पाण्याचं टाकं असणारच. राजगड, तोरणा सगळे पालथे घातलेत मी. आपल्या सह्याद्रीपुढे हे टेकाड आहे, टेकाड!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे अशा माणसाला उंटावरचा शहाणा म्हणतात. इथे तर उंटही होते. कॅन गाडीतच राहिला. प्रत्येकाने एकेक लहान बाटली घेतली. महिपतच्या पाठीवर पुऱ्यांचे डबे, श्रीखंड, नारळ, पूजेचं सामान, हातात गुढीची काठी. त्याला बाटली धरायला हात उरला नाही. मी उत्तमच्या खांद्याला लटकलेलो.

सूर्य वर आला तसा दगड तापला. बाटल्या संपल्या आणि मी हातोहात फिरायला लागलो. वारा सुटला होता. जो तो मान मागे टाकून धार सोडायचा आणि वारा ती धार वळवून त्याच्या गळपट्टीत नेऊन घालायचा. माझं निम्मं पाणी त्या लोकांच्या शर्टांनी प्यायलं, मित्रांनो. पण एकानेही ओठ टेकले नाहीत. मी कोरा राहायला हवा होतो ना!

महिपत सगळ्यांच्या मागे होता. त्याची पाळी शेवटी आली. काठी खाली ठेवून त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. धार सोडली ती नाकात गेली, ठसका लागला, पाणी दगडावर सांडलं आणि तिथल्या तिथे वाळलं. त्याने पुन्हा एकदा उचललं, पुन्हा तेच. मग तो उत्तमला म्हणाला, "वरनं जमत न्हाय रं. तोंड लावू दे जरा."

"अरे अरे अरे!" दशरथराव ओरडले. "गुढीवर चढायचाय तो! उष्टा कसला करतोस? आणि सकाळी बोंबील खाऊन आलायस, मघापासून वास येतोय."

जितेंद्र म्हणाला, "बोंबलाची गुढी!"

सगळे हसले. मी उत्तमकडे पाहिलं. त्याने एकदा दशरथरावांकडे पाहिलं, एकदा महिपतकडे, आणि मग तोही हसला. फार नाही, थोडंसंच. म्हणाला, "थांब ना जरा. वर टाकं आहेच की." आणि त्याने महिपतच्या हातातून मला घेऊन झाकण फिरवलं. घट्ट. आत पाणी होतं. बाहेर, माझ्या पोटावर, महिपतचं नाव होतं.

महिपत म्हणाला, "राहू दे. तहान न्हाय मला."

माथ्यावर टाकं होतं. दशरथरावांचं तेवढं खरं निघालं. त्यात दगड होते आणि शेळ्यांच्या लेंड्या होत्या. पाण्याचा टिपूस नाही. पण आता एवढं चढून आलो आहोत तर गुढी उभारून टाकू, असं ठरलं. काठीला खण बांधला, कडुलिंब बांधला, साखरेची गाठी घातली. पूजेला पाणी लागतंच. माझ्या तळाशी उरलेलं पाणी दशरथरावांनी नारळावर शिंपडलं, चारी दिशांना शिंपडलं, उरलं ते पायाशी ओतलं. मग मला काठीवर पालथं घातलं. फोटो निघाले. परमुलखात गुढी उभी राहिली म्हणून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी तेवढंच शिल्लक होतं.

मी उंचावर होतो, त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी दिसलं. उत्तमच्या हातात सामान देऊन महिपत मागेच बसला होता, तो आता बसलेला नव्हता. दगडाला टेकून एका अंगाला कलला होता. मी ओरडू शकत नाही. वाऱ्याने काठीवर खडखडत राहिलो, एवढंच.

फोटो झाल्यावर त्यांचं लक्ष गेलं. महिपतचं अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा पत्ता नाही. डोळे अर्धे मिटलेले. तो बडबडत होता, "आये, बालदी सोड... बालदी सोड विहिरीत..." उत्तम त्याचं डोकं मांडीवर घेऊन वेड्यासारखा सगळ्यांकडे बघत राहिला. मला काठीवरून खाली ओढलं होतं; माझं झाकण तो उघडत होता, बंद करत होता, पुन्हा उघडत होता.

शेळ्यांमागे फिरणारा एक म्हातारा तिथला माणूस आरडाओरडा ऐकून आला. त्याच्या खांद्याला कातडी पखाल होती. त्याने एक शब्द विचारला नाही. पखालीचं तोंड थेट महिपतच्या तोंडात दिलं. थोडं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. मग स्वतः त्याच तोंडाने एक घोट घेतला आणि पखाल या लोकांपुढे धरली. सगळे प्यायले, मित्रांनो. तोंड लावून, घटाघटा. दशरथरावही प्यायले. तिथे कुणाला उष्टं आठवलं नाही, बोंबील आठवला नाही.

महिपत वाचला. पण बरेच दिवस हॉस्पिटलात होता, आणि डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना कायमचा धक्का बसला. साहेबाने चौकशी केली तेव्हा दशरथराव म्हणाले, आदल्या रात्री ढोसून आला असेल, या लोकांचं काय सांगावं. उत्तम समोर उभा होता. महिपत दारूला शिवत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो खाली बघत राहिला. नोकरी होती, दशरथराव वरचे होते, घरी गिरिजा होती. कारणं काय, मागाल तेवढी सापडतात. कंपनीने हात झटकले आणि महिपतला परत पाठवलं.

निघायच्या दिवशी उत्तमने मला त्याच्यापुढे केलं. मी त्याला डोळ्यांसमोर नको झालो होतो. "एवढा घरी गिरिजाला दे."

महिपतने मला उलटसुलट करून पाहिलं. "दे. माझंच नाव हाय, हरवायचा न्हाय."

नवघरला उतरल्यावर तो आधी स्वतःच्या अंगणात गेला. विहिरीतून बालदी ओढताना मध्येच खाली बसला, धाप लागली होती. पण मला काठोकाठ भरलं आणि मग गिरिजाच्या दारात उभा राहिला. गिरिजाने विचारलं, "भावजी, असे कसे वाळलात? आणि हे कसे आहेत?"

"मजेत हाय. सगळी आपली मानसं हायत तिकडे," महिपत म्हणाला.

त्याने कधीच काही सांगितलं नाही. गिरिजा रोज विहिरीवर जायची, मला आणि हंड्याला भरून आणायची. महिपत बाजेवर बसलेला असायचा. गाळ्यातलं काम आता झेपत नव्हतं. म्हातारी जिजाबाई पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची. बिल्डिंगीतल्या बायका पाणी भरता भरता म्हणायच्या, गल्फला जाऊन लोक काय काय आणतात, आणि याला बघा. मी गिरिजाच्या कमरेवर गप्प असायचो. गप्प राहणं मला जन्मापासून जमतं. उत्तम ते माझ्याकडूनच शिकला असेल.

उत्तम दोनदा सुट्टीवर येऊन गेला. रंगीत टीव्ही आणला, घड्याळं आणली. महिपत आजारी आहे, उगाच त्रास नको, असं म्हणून तो त्या अंगणाकडे फिरकला नाही. पुढे कायमचा परत आला, तोवर नव्वदच्या दशकाची अर्धी वर्षं सरली होती. नळाला पाणी यायला लागलं होतं. विहिरीवर कुणी जात नव्हतं. कुणीतरी त्यात निर्माल्य टाकायला लागलं म्हणून जिजाबाईने वर जाळी बसवून घेतली होती.

त्या वर्षी पाडव्याला गिरिजाने गुढीसाठी मला हात घातला. उत्तम दचकून म्हणाला, "हा नको. दुसरा घे." आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने मला पाण्याने भरलं, चपला घातल्या आणि निघाला. रस्त्याने तो पुटपुटत होता. मी त्याच्या छातीशी होतो, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "महिपत, हा घे. तोंड लावून पी. माझ्यासमोर पी." पुन्हा पुन्हा तेच. मित्रांनो, मलाही धीर आला. म्हटलं, आज आपण उष्टे होणार.

महिपत बाजेवर होता. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. उत्तमला पाहून तो उठायला गेला, पण जमलं नाही. उत्तमने मला पुढे केलं. रस्ताभर घोकलेलं सगळं मागे राहिलं. नुसतं म्हणाला, "पाणी आणलंय. घे. लाव तोंड."

महिपतने मला हातात घेतलं. माझ्यावरच्या तिरक्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग मला शेजारी ठेवलं. "डॉक्टरनं पानी तोडलंय रं माझं. दिवसाचं माप दिलंय. सकाळीच संपलं ते."

मग उत्तम रडायला लागला. तोंडाला हात लावून, लहान पोरासारखा. महिपतने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरंच ठेवला, मी पाहिलं. म्हणाला, "झालं ते झालं. बस. आये, उत्तमला पानी दे."

जिजाबाईने आतून पेला आणला. घरातला त्यांचा रोजचा पेला. उत्तमने डोळे पुसले, पेला घेतला, आणि त्याच्याही नकळत त्याची मान मागे गेली, हात वर गेला, आणि त्याने पाण्याची धार वरून घशात सोडली. ओठ न लावता. जन्मभराची सवय.

अर्धा पेला झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. हात तिथेच थांबला. पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं.

महिपतचा हात त्याच्या पाठीवरून निघाला होता. तो विहिरीकडे बघत होता. म्हणाला, "पी, पी. पानी गोडंच हाय आपलं."

पावसाळा संपता संपता महिपत गेला. दहाव्याला उत्तम गेला होता, लांब उभा राहिला. घरी येऊन त्याने मला माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी शेवटी मागणं मागतात. आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा, मोडीत देऊ नका. मला द्यायचं तर खुशाल द्या मोडीत. पण त्याआधी कधी माळा आवरायला कुणी चढलंच आणि मी हाताला लागलो, तर खाली काढा. पाणी भरा. आणि सगळ्यांनी, एकामागून एक, ओठ टेकून प्या. कुणाचं तोंड कसलं, सकाळी कोण काय खाऊन आलंय, विचारू नका. आजवर माझ्या काठाला एकही ओठ लागलेला नाही. तेवढं एकदा मला उष्टं करा.